हवाई वाहतुकीचा सिनॅरिओ बनवायचा आहे: सॉफ्टवेअर कोणतं आणि सुरुवात कुठून

तुमचा प्रश्न मी असा समजलो. तुम्ही तिघं नांदेडला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात. संभाजीनगरच्या (जुन्या औरंगाबादच्या) चिकलठाणा विमानतळाच्या आसपासच्या हवाई वाहतुकीचं सिम्युलेशन हा प्रोजेक्ट घेतलाय. गाइडनी सांगितलंय की ‘ब्लूस्काय’ हा सिम्युलेटर उतरवून घ्या, त्यात रँडम विमानं सोडा आणि निकाल मांडा. सिनॅरिओ, म्हणजे कुठलं विमान कधी, कुठून, कसं येणार याची आखणी, तयार करून देणारं चांगलं सॉफ्टवेअर कोणतं आणि हे काम एक्सेलमध्ये होईल का, हे तुम्हाला हवंय.

एक्सेलमध्ये होईल, आणि तुमच्या कामाला तेच सगळ्यात सोयीचं पडेल. ब्लूस्कायही योग्य आहे. फक्त रँडम विमानं सोडू नका. मी बरीच वर्षं कंट्रोलरच्या, म्हणजे जमिनीवरून विमानांना दिशा आणि उंची सांगणाऱ्यांच्या, प्रशिक्षणासाठी सिम्युलेटरवरचे एक्सरसाइज लिहिलेत, त्यामुळे हे जरा ठासून सांगतो.

आकाश फार मोठं आहे. नांदेड ते संभाजीनगर या पट्ट्यात वीस विमानं कुठेही, कुठल्याही उंचीवर, कुठल्याही दिशेला सोडलीत तर तासभर पडद्यावर काहीच घडत नाही, आणि घडलंच तर असं काहीतरी घडतं जे खऱ्या आकाशात घडूच शकत नाही. उदाहरणार्थ, मुंबईहून नागपूरकडे जाणारं आणि नागपूरहून मुंबईकडे येणारं विमान फ्लाइट लेव्हल ३५० वर, म्हणजे ३५,००० फुटांवर, समोरासमोर. पूर्वेकडे जाणाऱ्यांना विषम लेव्हल (हजार फुटांत मोजून; ३५० म्हणजे ३५, विषम) आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम लेव्हल, हा नियम असताना ती दोन विमानं तिथे एका उंचीवर आली कशी? परीक्षकांपैकी कोणी हवाई क्षेत्रातलं असेल तर पहिला प्रश्न हाच येईल. चांगला सिनॅरिओ म्हणजे आधी ठरवलेला एक निर्णय: अमुक मिनिटाला कंट्रोलरसमोर अमुक पेच, म्हणजे दोन विमानं किमान अंतराहून जवळ येण्याची वेळ, उभा राहिला पाहिजे. तो क्षण पक्का करायचा आणि तिथून उलटं मोजत विमानं मागे न्यायची. सॉफ्टवेअर हे उलटं मोजणं सोपं करतं की अवघड, यावरच मी त्याची किंमत ठरवतो.

त्याआधी एक गोष्ट नक्की करा. सिम्युलेशन दोन जातींचं असतं. एकात माणूस बसतो, रेडिओवर बोलतो आणि घड्याळ खऱ्या वेगानं चालतं. दुसऱ्यात माणूस नसतो, संगणक दिवसभराची वाहतूक काही मिनिटांत पळवतो आणि उशीर, गर्दी, क्षमता यांचे आकडे काढतो. टाम, एअरटॉप, सिममॉड ही मंडळी दुसऱ्या जातीची. विमानतळांचे आराखडे करणाऱ्या सल्लागार कंपन्या ती वापरतात, परवाने महाग असतात आणि तुमच्या कामाला त्यांची गरज नाही. ब्लूस्काय दोन्हीकडे चालतं, म्हणूनच विद्यार्थ्यांना ते सुचवतात.

ब्लूस्काय हे नेदरलँड्समधल्या टीयू डेल्फ्टचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे, पायथॉनमध्ये लिहिलेलं. त्याची सिनॅरिओ फाइल म्हणजे साधी मजकुराची फाइल. प्रत्येक ओळीत आधी तास-मिनिट-सेकंद, मग बाणासारखं एक चिन्ह आणि पुढे आज्ञा. विमान निर्माण करायच्या आज्ञेचं नाव ‘सीआरई’. तिच्यामागे स्वल्पविराम देत कॉलसाइन (रेडिओवरचं विमानाचं नाव), विमानाचा प्रकार, अक्षांश, रेखांश, दिशा, उंची आणि वेग लिहायचे. नोटपॅडमध्ये उघडा, वाचा, बदला. एक्सेल इथेच कामाला येतं: प्रत्येक रकाना म्हणजे एक घटक, शेवटच्या रकान्यात सगळं जोडणारं सूत्र, तो रकाना कॉपी करून फाइलमध्ये चिकटवला की काम झालं. लिबरऑफिस कॅल्क असेल तरी तेच.

आता एक पेच पूर्ण मांडून दाखवतो. मुंबई ते नागपूर सरळ रेषा काढा, ती जवळपास चिकलठाण्यावरून जाते. अहमदाबाद ते हैदराबाद रेषा काढा, ती थोडी उत्तरेकडून पण जवळूनच जाते. खरे हवाई मार्ग एअरपोर्ट्स अथॉरिटीच्या एआयपीमध्ये (हवाई माहितीच्या अधिकृत पुस्तकात) असतात आणि अहवालासाठी तेच घ्या. पण सरावासाठी या दोन रेषा चिकलठाण्यावरच एकमेकींना छेदतात असं धरू: अक्षांश १९.८६, रेखांश ७५.४०. पहिल्या विमानाची दिशा साधारण ७१ अंश, दुसऱ्याची १३७. दोन्ही पूर्वेच्या अर्ध्या वर्तुळात, म्हणजे दोघांनाही विषम लेव्हल आणि दोघांनाही ३५० मिळू शकते. हा पेच कायदेशीर आहे, म्हणून खरा वाटतो.

दोघांचा वेग ४५० नॉट धरा, म्हणजे मिनिटाला साडेसात नॉटिकल मैल (पुढे ‘मैल’ म्हणजे हेच). एक्सरसाइज सुरू झाल्यावर बाराव्या मिनिटाला दोघं छेदबिंदूवर यायला हवेत, तर दोघांना ९० मैल मागे ठेवायचं. पहिलं विमान उलट दिशेला, २५१ अंशांवर. उत्तर-दक्षिण फरक ९० गुणिले कोसाइन २५१, म्हणजे उणे २९ मैल, जवळजवळ अर्धा अंश. पूर्व-पश्चिम फरक ९० गुणिले साइन २५१, म्हणजे उणे ८५ मैल.

इथे बहुतेक जण घसरतात. रेखांशाचा एक अंश म्हणजे ६० मैल, हे फक्त विषुववृत्तावर खरं आहे. आपल्या अक्षांशावर तो साधारण ५६ मैलांचा असतो, कारण २० अंशांचा कोसाइन ०.९४. हे गुणायचं राहिलं तर ८५ मैलांत पाच मैलांची चूक होते. रडारवर दोन विमानांमध्ये एन-रूट, म्हणजे वाटेतल्या उड्डाणात, ठेवायचं किमान अंतरही पाचच मैल आहे. म्हणजे एवढ्या एका विसरण्यानं पेच नाहीसा होऊ शकतो आणि फाइल मात्र दिसायला बरोबर दिसते.

बरोबर हिशेब केला की पहिलं विमान १९.३७ उत्तर, ७३.८९ पूर्व इथे येतं आणि दुसरं २०.९६ उत्तर, ७४.३१ पूर्व इथे. नकाशावर ठेवून पाहा: पहिलं पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाकडे, दुसरं धुळ्याच्या पश्चिमेला.

वेग लिहिताना आणखी एक खड्डा आहे. सीआरईमधला वेग जमिनीवरचा नसतो. मोठा आकडा दिलात तर तो कॅलिब्रेटेड वेग, म्हणजे साधारण विमानातल्या वेगमापकावर दिसतो तो, समजला जातो आणि एकाहून लहान आकडा दिलात तर मॅक नंबर, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या किती पट तो आकडा. ३५,००० फुटांवर प्रमाण वातावरणात ध्वनीचा वेग सुमारे ५७६ नॉट असतो, म्हणून आपले ४५० नॉट म्हणजे मॅक ०.७८. तोच वेग कॅलिब्रेटेडमध्ये अवघा २६५ च्या आसपास भरतो. तिथे थेट ४५० लिहिलंत तर परफॉर्मन्स मॉडेल तो आकडा आपल्या मर्यादेत आणून ठेवतं आणि तुमचं बारावं मिनिट चुकतं. दिशेचंही तसंच. एक अंश चुकला की साठ मैलांवर एक मैल सरकतं, म्हणून नुसत्या हेडिंगवर (नाकाच्या दिशेवर) विसंबू नका, छेदबिंदू आणि त्यापुढचा एक बिंदू मार्गात घाला. आपल्याकडे चुंबकीय फरक (खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला) एक अंशाच्या आतच आहे, त्यामुळे खरी आणि चुंबकीय दिशा यांची सरमिसळ झाली तरी ती लवकर लक्षात येत नाही. पुढे कोणी तुमचीच शीट घेऊन दुसऱ्या देशातल्या विमानतळावर वापरली तर मात्र लगेच उघडी पडेल.

मग वारा. पश्चिमेकडून ४० नॉटचा वारा घाला. पहिल्या विमानाला त्यातले ३८ नॉट पाठीमागून मिळतात, दुसऱ्याला २७. दोघंही बाराऐवजी अकरा-सव्वाअकरा मिनिटांत पोचतात आणि एकमेकांपासून दोनेक मैल सरकतात. पाच मैलांच्या आत आहेत, म्हणजे पेच कायम, पण आता कोण आधी पोचतंय हे पडद्यावर पाहून ठरवावं लागतं. हा एक्सरसाइज आधीच्यापेक्षा चांगला झाला. अगदी एका बिंदूवर येणारी विमानं शिकाऊ माणसालाही लांबूनच कळतात. मन लावून पाहावं लागतं ते दोन-तीन मैलांच्या फरकाला. आणि माझं आवडतं अंतर सहा-सात मैलांचं: पेच दिसतो पण नसतो. शिकणारा तिथे उगाच विमान वळवतो की संयमानं नजर ठेवतो, हे त्यातच कळतं. तुमच्या संचात असे ‘नसलेले पेच’ नक्की घाला.

ब्लूस्कायमध्ये हा उलटा हिशेब करणारी एक तयार आज्ञाही आहे, ‘क्रिकॉन्फ्स’ नावाची. आधी एक विमान बनवा, मग त्याच्याशी अमुक कोनात, अमुक अंतरावर, अमुक वेळानं पेच होईल असं दुसरं विमान बनव, असं तिला सांगता येतं. शेकडो सिनॅरिओ लागतील तेव्हा ती वापरा. पण पहिले काही हातानं मांडा, नाहीतर तिनं दिलेला आकडा बरोबर आहे की नाही हे तुम्हाला ओळखता येणार नाही.

रँडमला जागा आहे ती इथे. पेच पक्का झाल्यावर सुरुवातीच्या वेळेत वीस-तीस सेकंद इकडेतिकडे, वाऱ्यात थोडा बदल, पेचाशी संबंध नसलेल्या विमानांची जागा वेगळी, असं करत एकाच साच्यातून अनेक रूपं काढा. फाइलमधून दुसरी फाइल बोलवायची सोय आहे, ‘पीकॉल’ नावाची, आणि तिला घटक बदलून देता येतात. रँडम आकड्यांचं बीज (ज्यापासून ते आकडे निघतात तो सुरुवातीचा आकडा) फाइलच्या नावातच लिहून ठेवा म्हणजे तीच वाहतूक पुन्हा उभी करता येईल. परत उभा न करता येणारा सिनॅरिओ अहवालात काहीही सिद्ध करत नाही.

माणूस बसवून, रेडिओवर बोलत सराव करायचा असेल तर ‘युरोस्कोप’ पाहा. ते मुळात व्हॅटसिम या ऑनलाइन उड्डाण-नेटवर्कवरच्या हौशी कंट्रोलरांचं रडार सॉफ्टवेअर आहे, विंडोजवर चालतं आणि त्यातच सिम्युलेटर आहे. त्याचा सिनॅरिओही मजकुराची फाइल असतो, पण ओळींची रचना जास्त किचकट आणि दिशा सरळ अंशांत न लिहिता एका सांकेतिक आकड्यात लिहावी लागते. पुन्हा एक्सेल आणि त्यातलं सूत्र. एका मित्रानं स्यूडो-पायलट व्हायचं, म्हणजे सगळ्या विमानांच्या वतीनं बोलायचं आणि कंट्रोलरनं सांगितलेलं टाइप करायचं. एका माणसावर सहा-सात विमानांपेक्षा जास्त टाकू नका, त्यापुढे एक्सरसाइज कंट्रोलरचा राहत नाही, स्यूडो-पायलटचाच होतो. नुसतं खेळून पाहायला ब्राउझरमधलं ‘ओपनस्कोप’ आहे. त्यात विमानतळाची फाइल जेसनमध्ये लिहून तासाला किती विमानं कुठून येतील ते सांगता येतं. पण ठरावीक मिनिटाला ठरावीक पेच लिहायला ते बनलेलं नाही.

गाइडनी दुसरा पर्याय सुचवलाय तो ओपनस्काय नेटवर्कवरचा खरा एडीएस-बी डेटा (विमानं स्वतः प्रसारित करतात ती जागा आणि उंची) घेऊन तोच सिनॅरिओ म्हणून चालवायचा. डेटा चांगला आहे, अभ्यासासाठी मिळतोही आणि पायथॉनमधली ‘ट्रॅफिक’ नावाची लायब्ररी तो साफ करायला उत्तम आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या: त्या डेटात दिसणारी विमानं खऱ्या कंट्रोलरनं आधीच एकमेकांपासून दूर केलेली असतात. ती सोडवलेली उत्तरपत्रिका आहे, प्रश्न त्यातून पुसला गेलाय. ती जशीच्या तशी चालवलीत तर एकही पेच दिसणार नाही आणि ‘मराठवाड्याच्या आकाशात पेच नसतात’ असा चुकीचा निष्कर्ष निघेल. तो डेटा मार्ग, उंची, वेग, दिवसाच्या कुठल्या तासाला किती गर्दी, विमानांचे कोणते प्रकार, एवढ्यासाठी वापरा. एखाद्या विमानानं मध्येच हेडिंग बदललंय किंवा चढता-चढता एका लेव्हलला थांबलंय असं दिसलं तर तिथे बहुधा कंट्रोलरनं हात घातलाय. तो बदल काढून टाका, विमान आपल्या मार्गानं सरळ जाऊ द्या आणि मग पाहा काय होतं. मला विचाराल तर हीच तुमच्या प्रोजेक्टची सगळ्यात मोलाची बाजू होऊ शकते.

आणखी एक कळीचा मुद्दा म्हणजे घटना घड्याळावर बांधायच्या की स्थितीवर. समजा तुम्हाला लेव्हल मोडण्याचा प्रसंग घालायचाय: पायलट बरोबर रीडबॅक देतो (सूचना परत म्हणून दाखवतो) आणि तरी नेमून दिलेल्या उंचीच्या खाली जातो. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीवर हेच घडलं. उतरणाऱ्या कझाकस्तानच्या विमानाला १५,००० फुटांची मर्यादा होती, चढणाऱ्या सौदी विमानाला १४,००० फुटांची. कझाक विमान खाली गेलं आणि दोन्ही विमानांतली मिळून ३४९ माणसं गेली. म्हणून हा प्रसंग प्रशिक्षणात घ्यायचाच, आणि जबाबदारीनं घ्यायचा. तो ‘आठव्या मिनिटाला खाली जा’ असा लिहिलात तर शिकणाऱ्यानं विमान मिनिटभर उशिरा उतरवायला घेतल्यावर सगळं फसतं, खाली जायचा प्रसंग भलत्याच जागी होतो. ब्लूस्कायमध्ये ‘अमुक उंचीला पोचल्यावर अमुक कर’ आणि ‘अमुक बिंदूपासून इतक्या अंतरावर आल्यावर अमुक कर’ अशा आज्ञा आहेत, ‘अ‍ॅटअल्ट’ आणि ‘अ‍ॅटडिस्ट’. शिकणाऱ्याच्या हालचालींवर अवलंबून असलेली प्रत्येक घटना यांनीच बांधा. घड्याळ फक्त विमानं आत आणायला ठेवा.

मराठवाड्याचा म्हणून एक सिनॅरिओ कराच: एप्रिल-मेचा वळीव. दुपारनंतर ढग चढतात, त्यांचे माथे प्रवासी विमानांच्या उंचीच्याही वर जातात आणि पायलट वीस-वीस मैल वळसा मागतात. ब्लूस्कायमध्ये बहुभुज काढून ढगाची जागा दाखवता येते आणि ठरावीक वेळानं तो पुसून पुढे काढला की ढग सरकल्यासारखा दिसतो. पण विमानं त्याला आपोआप टाळणार नाहीत, ते फक्त चित्र आहे. वळसा मागायचं काम स्यूडो-पायलटच्या कागदावर लिहून द्यावं लागतं. नांदेडला ढग आडवा आलाय, तिकडे निघालेलं एटीआर (पंख्यांचं छोटं प्रवासी विमान) संभाजीनगरला वळवायचंय आणि त्याच वेळी मुंबईहून आलेलं ए-३२० चिकलठाण्याला उतरायला रांगेत आहे, एवढंच ठेवलंत तरी पुरे. दोन्ही विमानं वेकच्या (मागे सुटणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांच्या) हिशेबात मीडियम, त्यामुळे तिथे जादा अंतर लागत नाही. अडचण वेगाची असते: फायनलवर (उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) ए-३२० साधारण १४० नॉटनं येतं, एटीआर ११५ च्या आसपास. एटीआर पुढे असेल तर मागचं विमान दर मिनिटाला जवळपास अर्धा मैल जवळ येत राहतं. रनवे ०९/२७ एकच आहे. उतरलेल्या विमानाला बॅकट्रॅक करून, म्हणजे रनवेवरूनच उलट फिरून, परतावं लागतं का ते एआयपीच्या नकाशावर पाहा. लागत असेल तर तेवढी मिनिटं मागच्या विमानाच्या अंतरात धरा, नाहीतर तुमच्या सिम्युलेशनमध्ये रनवे खऱ्यापेक्षा लवकर मोकळा होईल.

सोबत येणारी नेव्हिगेशन माहिती आंधळेपणानं घेऊ नका. एआयपी २८ दिवसांच्या चक्रानं बदलते, सॉफ्टवेअरमधली माहिती कधीची आहे ते तपासा आणि तुम्ही वापरलेली तारीख अहवालात लिहा. विमानतळ व्हीएएयू या कोडनं शोधा, शहराच्या नावानं शोधलंत तर जुनं-नवं नाव यात अडकाल. परफॉर्मन्ससाठी युरोकंट्रोलच्या ‘बाडा’ या विमानांच्या कामगिरीच्या माहितीसंचाला परवाना लागतो. डेल्फ्टचंच ओपनएपी मोकळं आहे, ए-३२० सारख्या विमानांना पुरेसं आहे. कॉलसाइन देताना ६२४ आणि ६४२ असे सारखे आकडे शेजारी ठेवू नका. सारख्या कॉलसाइनमुळे होणारा गोंधळ हाच विषय असेल तर गोष्ट वेगळी, मग तो मुद्दाम म्हणून लिहा.

तपासणीबद्दल गाइड विचारतीलच. प्रत्येक सिनॅरिओ आधी कोणीही हात न लावता पूर्ण चालवा आणि लॉग घ्या. दर सेकंदाला दोन विमानांमधलं आडवं आणि उभं अंतर काढा, सगळ्यात कमी अंतर कधी आणि किती झालं ते तुम्ही ठरवलेल्या आकड्याशेजारी लिहा. ठरवलेलं बारावं मिनिट असेल आणि निघालं साडेअकरावं तर कारण शोधा, आकडा गुपचूप बदलू नका. मग ज्यानं फाइल लिहिली नाही अशा माणसाला कंट्रोलर म्हणून बसवा आणि त्याला पेच किती मिनिटं आधी दिसला ते नोंदवा. लिहिणाऱ्याला तो नेहमीच आधी दिसतो, कारण त्याला माहीत असतो. तुम्ही तिघं आहात, तेव्हा आळीपाळीनं एकानं लिहायचं, दुसऱ्यानं स्यूडो-पायलट व्हायचं आणि तिसऱ्यानं फाइल न पाहता कंट्रोलर म्हणून बसायचं. पहिली शीट तयार झाली की त्यातले अक्षांश-रेखांश आणि वेग पाठवा, हिशेब तपासून देतो.